बाल्कनी की आर्क्टिक?

मित्रांच्या गोवा प्लॅनबद्दल कुणाला वेगळं काही सांगायची गरज नाही. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, ग्रुपला नाव मिळतं, फोटो मिळतो, तारखांवरून भांडणं होतात, कुणीतरी "मी नंतर कन्फर्म करतो" म्हणतो आणि तिथेच सगळं संपतं. पुढे त्या ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक उरतात.

आमचा गोव्याचा प्लॅन मात्र असा मेला नव्हता. आमची एप्रिल २०२० ची तिकिटं काढलेली होती. इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष, एकाच प्रोजेक्टवर काम करणारे आम्ही चौघं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि कॉलेज जे बंद झालं ते आमच्यासाठी बंदच झालं. ना सेंड-ऑफ, ना शेवटचा फोटो, ना कँटीनवाल्याचं उरलेलं बिल. ऑनलाइन परीक्षा, ऑनलाइन जॉइनिंग, कुरियरने आलेला लॅपटॉप. चौघं एका टेबलावर शेवटचे कधी बसलो होतो हे आता नक्की सांगतासुद्धा येत नाही. रेल्वेचा रिफंड आला, ट्रिप तेवढी राहिली.

तर आता इतक्या वर्षांनी त्याच ग्रुपवर प्लॅन चाललाय तो थेट आर्क्टिकचा. हसू नका. स्प्रेडशीट तयार आहे. :)

*

जागेचं नाव स्वालबार्ड. नॉर्वेच्या मुख्य भूमीच्या पार वर, आर्क्टिक समुद्रातला हा बेटांचा पुंजका. त्यातल्या स्पिट्सबर्गन नावाच्या सगळ्यात मोठ्या बेटावर लाँगइयरब्येन नावाचं गाव आहे, ७८ उत्तर अक्षांशाच्या जरा वर. लोकवस्ती साधारण अडीच हजार. म्हणजे हिंजवडीतल्या एका बऱ्यापैकी मोठ्या टॉवर-सोसायटीत मावतील एवढी माणसं. तिथून उत्तर ध्रुव साधारण १३०० किलोमीटर. पुण्याहून दिल्लीला रस्त्याने जाताना याहून जास्त पडतं!

गाव वसलं ते कोळशासाठी. जॉन मन्रो लाँगइयर नावाच्या अमेरिकन माणसाने १९०६ च्या सुमारास तिथे खाण सुरू केली, म्हणून गावाला त्याचं नाव. शंभरहून जास्त वर्षं खाणी चालल्या आणि २०२५ मध्ये नॉर्वेची तिथली शेवटची खाणही बंद झाली. कोळशाच्या दिवसांतली एक सवय मात्र अजून टिकून आहे. बऱ्याच हॉटेलांत आणि ऑफिसांत आत शिरताना बूट दारात काढायचे! आईला हे सांगितल्यावर तिचं त्या देशाबद्दलचं मत एकदम बदललं.

पण आर्क्टिकच का? मनाली आहे, लडाख आहे, गेला बाजार व्हिएतनाम आहे. सगळी पब्लिक तिकडे जातेय.

कारण आमचं प्रोजेक्ट तिकडे आहे. म्हणजे अक्षरशः तिकडे, जमिनीखाली.

झालं असं, की गिटहबने २ फेब्रुवारी २०२० रोजी आपल्याकडच्या चालू सार्वजनिक कोडचा एक स्नॅपशॉट घेतला. सगळा मिळून २१ टेराबाइटचा ऐवज खास फिल्मच्या १८६ रिळांवर छापला आणि जुलै २०२० मध्ये लाँगइयरब्येनजवळच्या एका बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत नेऊन ठेवला. क्यूआर कोडसारखी बारीक ठिपक्यांची चित्रं, ती वाचायला उजेड आणि भिंग पुरे. वीज नको, सर्व्हर नको. जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे फिल्म हजार वर्षं टिकेल असा त्यांचा हिशोब आहे. त्या आधीच्या दोन-अडीच महिन्यांत ज्या सार्वजनिक रिपॉझिटरीत एकतरी कमिट झालं होतं, ती सगळी आत गेली. आमचं सबमिशन फेब्रुवारीत होतं. म्हणजे जानेवारीत आम्ही दिवसाला पंधरा-पंधरा कमिट मारत होतो. त्यातले निम्मे "फायनल", "फायनल फायनल" आणि "आता खरंच फायनल" अशा नावाचे. लिनक्सच्या शेजारी हजार वर्षं हे पण राहणार!

प्रोजेक्ट होतं पंचांगाचं ॲप. तारीख द्या, गाव द्या, सूर्योदय-सूर्यास्त, तिथी, नक्षत्र घ्या. सूर्योदयाचं गणित तसं सोपं आहे. गावाचा अक्षांश घ्यायचा आणि त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो कोन घ्यायचा. दोघांच्या टँजंटचा गुणाकार केला की त्यातून दिवस किती तासांचा ते निघतं, कोसाइन उलटा फिरवून. पुणे, लातूर, नागपूर, सगळीकडे उत्तर झकास येतं. पण साडेसहासष्ट अंशांच्या वर गेलात की वर्षातले काही दिवस हा गुणाकार एकाच्या पुढे जातो. कोसाइन काही एकाच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे गणित सांगतं, की बाबा रे, आज सूर्योदय नाहीच. किंवा आज सूर्यास्त नाहीच.

आमच्यातल्या एकाने त्यासाठी वेगळी अट लिहिली होती. गुणाकार एकाच्या बाहेर गेला तर स्क्रीनवर मराठीत मेसेज: "आज सूर्य उगवणार नाही." पहिल्या रिव्ह्यूला सरांनी विचारलं, "हे कोण वापरणार? तुमच्या यादीत परभणी आहे, पॅरिससुद्धा नाही." हा शांतपणे म्हणाला, "सर, यूजर कुठेही असू शकतो." वर्गात जो हशा पिकला, त्या दिवसापासून त्याचं नावच 'आर्क्टिक' पडलं. पुढे त्या कोडची रिळं खरोखरच आर्क्टिकमध्ये गेल्याची बातमी आली, तेव्हा ग्रुपवर त्याने फक्त एक स्मायली टाकली होती. आणि त्यानंतर लगेच, "जाऊ या का?"

*

आता प्लॅनबद्दल. यात पुढेमागे कुणाला उपयोग झाला तर होईल.

स्वालबार्डसाठी व्हिसा लागत नाही. खरंच! ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये या बेटांबद्दल एक करार झाला. त्याने सार्वभौमत्व नॉर्वेला दिलं, पण करारात सामील देशांच्या नागरिकांना तिथे राहायला आणि धंदा करायला सारखाच हक्क ठेवला. त्यावर सह्या करणाऱ्यांत तेव्हाचा ब्रिटिश हिंदुस्थानही होता, त्यामुळे भारत त्यात पहिल्यापासून आहे. पोट भरायची सोय स्वतःची स्वतः करायची, एवढंच. नाही जमलं तर तिथला गव्हर्नर परत पाठवू शकतो. आमच्या रूमीने हे वाचून लगेच विचारलं होतं, "मग परत यायचंच कशाला?"

पण थांबा, मेख पुढे आहे. तिथे जायचं विमान ऑस्लोहून, आणि ऑस्लो शेंगेनमध्ये. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर. म्हणजे ऑस्लोला उतरलात की एक एंट्री, स्वालबार्डला गेलात की तुम्ही शेंगेन सोडलंत, आणि परतताना ऑस्लोत पुन्हा दुसरी एंट्री. तेव्हा अर्ज करताना दोन किंवा जास्त एंट्रीचा व्हिसा मागायचा. सिंगल एंट्री घेऊन गेलात तर परतीच्या वेळी पंचाईत. युरोपात शिरायचा परवाना संपलेला आणि बाजूला अस्वलं!

अस्वलांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गावाबाहेर पडताना अस्वलाला हुसकावायचं साधन जवळ असावंच लागतं, आणि शहाणी माणसं बंदूकही बाळगतात. आपण अर्थात गाइडबरोबर जायचं, बंदूक त्याच्या खांद्यावर. गावातले रस्ते सगळे मिळून चाळीसेक किलोमीटर. दोन वस्त्यांना जोडणारा रस्ताच नाही. हिवाळ्यात स्नो-स्कूटर, उन्हाळ्यात बोट.

तारीख ठरवताना खूप खल झाला. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. एप्रिलच्या वीस-एकवीसपासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मावळत नाही. आम्ही धरलाय मार्चचा पहिला आठवडा, आणि त्यातही ८ मार्च हा दिवस काही झालं तरी गाठायचाच. का ते पुढे सांगतो.

मार्चमध्ये थंडी उणे दहा-पंधरा, कधी उणे पंचवीस, वारा सुटला तर विचारूच नका. तरी समुद्रातून वर येणाऱ्या उष्ण प्रवाहामुळे एवढ्या उत्तरेच्या मानाने हे ऊबदारच म्हणायचं. कपड्यांचा नियम एकच: सुती काहीही नको. सुती बनियन घामाने ओला झाला की सुकत नाही, आणि त्या थंडीत ओलं कापड म्हणजे आजारपण. आत लोकरीचा पातळ थर, मधे जाड लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा अडवणारं. स्नो-स्कूटरवर घालायचा जाड सूट आणि बूट सहलवाले देतात, ते विकत घेऊ नयेत. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून, नाहीतर बॅटरी बघता बघता मान टाकते.

खाण्याचं म्हणाल तर आईने तूप आणि बेसनाच्या लाडवांची तयारी मनातल्या मनात सुरू केली होती. पण नॉर्वेत बाहेरून दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. त्यामुळे मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी आणि गुळाच्या वड्या (तेलातल्या) यावर तह झालाय.

पैसे? एका क्रोनचे आठ-नऊ रुपये. माझी स्प्रेडशीट म्हणते: मुंबई-ऑस्लो-मुंबई आखातात विमान बदलून सत्तर हजार, ऑस्लो ते लाँगइयरब्येन आणि परत पंचवीस, सात रात्री गेस्टहाउस सत्तर, दोन-तीन सहली पासष्ट, खाणं पस्तीस, कपडे पस्तीस, व्हिसा, इन्शुरन्स वगैरे वीस. बेरीज तीन लाख वीस हजार.

ही बेरीज मी घरी सांगितली तिथून खरी गोष्ट सुरू होते.

*

बाबा बँकेतून रिटायर झालेत. आकडा ऐकला की आधी चष्मा शोधतात. गेलं वर्षभर आम्ही तिघं दर रविवारी पुनावळे, ताथवडे, मारुंजी असे सॅम्पल फ्लॅट बघत फिरतोय. डाउन पेमेंटसाठी माझे पैसे साठतायत. बाबांनी माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवला, स्क्रीनवरचा आकडा दोनदा वाचला आणि डायरीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला.

"आठ हजार रुपये स्क्वेअर फूट धर. चाळीस स्क्वेअर फूट झाले. म्हणजे बाल्कनी गेली."

"बाबा, बाल्कनी नंतरही घेता येते."

"बाल्कनी नंतर घेता येत नाही. फ्लॅटलाच असावी लागते."

याला उत्तर नव्हतं.

आईचा मुद्दा वेगळा. "तिकडे बघायला आहे काय नक्की? बर्फच ना? आणि चौघं जाणार होतात, आता किती?"

हा दुसरा प्रश्न बरोबर वर्मी लागला. कारण तोवर चौघांचं गणित बिघडलं होतं.

पहिला फोन जर्नलचा आला. जर्नल म्हणजे आमच्या ग्रुपमधली मुलगी, जिची जर्नलं उतरवून आम्ही तिघं पास झालो. तिचं बाळ आठ महिन्यांचं आहे. "मी नुसती दोन तास सलग झोपले तरी मला आर्क्टिकला जाऊन आल्यासारखं वाटेल," म्हणाली. विषय संपला.

मग आर्क्टिक. तो अमेरिकेत आहे, एच-वन-बीवर. पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलाय. अमेरिकेत राहायला त्याने अडत नाही, पण एकदा बाहेर पडलं की परत शिरायला नवा शिक्का हवा, त्यासाठी वकिलातीची अपॉइंटमेंट हवी, आणि ती कधी मिळेल आणि मध्ये काय नियम बदलेल याचा भरवसा नाही. तीन वर्षांत तो घरी आलेला नाही. बहिणीचं लग्न त्याने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. त्याला मी आर्क्टिकला चल कोणत्या तोंडाने म्हणणार? ज्याची मूळ आयडिया, तोच गळाला.

आणि तिसरा रूमी. तो पुण्यातच आहे. एका सोमवारी सकाळी त्याला पंधरा मिनिटांची मीटिंग आली, कॅमेरा बंद ठेवलेल्या दोन अनोळखी लोकांबरोबर. दुपारपर्यंत लॅपटॉप लॉक. संध्याकाळी ग्रुपवर त्याचा मेसेज आला, "माझं धरू नका." बस, एवढाच.

राहिलो मी. आणि माझ्याही टीममधल्या दोन खुर्च्या गेल्या तिमाहीत रिकाम्या झाल्यात. खुर्च्या अजून तिथेच आहेत, त्यामुळे जास्तच जाणवतं. अशा वेळी सव्वातीन लाख रुपये बर्फावर घालायचे का? आणि तेही एकट्याने? चौघांची राहिलेली ट्रिप एकाने केली तर तिला त्यांची ट्रिप म्हणायचं का?

*

बाबांनी दुसऱ्या दिवशी चहा घेताना पुन्हा विषय काढला. "आपल्या पुण्यात आर्क्टिकवर लोकमान्य अख्खं पुस्तक लिहून गेले. न जाता! तू जाऊन काय वेगळं करणार?"

अस्सल पुणेरी प्रश्न. पण त्या निमित्ताने मी ते इंग्रजी पुस्तक चाळलं. 'द आर्क्टिक होम इन द वेदाज', १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झालं. १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेत असताना टिळकांना मॅक्स म्युलरने ऋग्वेदाची प्रत पाठवली होती. सुटल्यावर त्यांनी हा विषय हातात घेतला आणि पुस्तकाचा बराच मजकूर सिंहगडावर सांगून लिहवून घेतला. मुद्दा असा, की वैदिक साहित्यात उषेची वर्णनं फार लांबलचक आहेत, तीस-तीस उषांचा उल्लेख आहे, देवांची सहा महिन्यांची रात्र आहे. पुण्यातली पहाट तर तासाभरात आटपते. मग एवढी लांब पहाट कुठे असते? ध्रुवाजवळ. सबब हे रचणाऱ्यांचे पूर्वज कधीकाळी तिकडे राहत असणार. आजचे अभ्यासक हा निष्कर्ष मान्य करत नाहीत, भाषांचे आणि उत्खननांचे पुरावे वेगळं सांगतात. पण सिंहगडावर बसून या माणसाने ध्रुवाजवळचं आकाश कसं दिसत असेल ते नुसत्या ओळी वाचून आणि खगोलाचं गणित करून मांडलं, हे मला फार भारी वाटलं. आणि योगायोग बघा, स्वालबार्डचा करार झाला फेब्रुवारी १९२० मध्ये आणि टिळक गेले त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला.

बाबांना मी उलट यादी ऐकवली. शीतल महाजन, आपल्या पुण्याची मुलगी. १८ एप्रिल २००४ रोजी तिने उत्तर ध्रुवावर पॅराशूटने उडी मारली. वय एकवीस. आणि आयुष्यातली पहिलीच उडी! भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र १ जुलै २००८ पासून स्वालबार्डमध्येच आहे, नी-ऑलेसुंड नावाच्या वस्तीत, आणि चालवतात गोव्याच्या वास्कोतून. म्हणजे आमचा गोवा आणि आमची आर्क्टिक ही एकाच ऑफिसच्या अखत्यारीत येतात! (त्या वस्तीत वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, तिथल्या रेडिओ दुर्बिणींना त्रास होतो म्हणून. स्टँड-अप कॉलपासून कायमची सुटका हवी असेल तर जागा हेरून ठेवा.) डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम तिथे गेली, त्यात पाषाणच्या आयआयटीएममधली माणसंही होती. आपला पाऊस आणि तिकडचं बर्फ यांचा संबंध शोधायचं काम चालतं.

"आणि बाबा, ज्वारी, तूर, हरभरा, सगळं तिथे आधीच पोचलंय." हेही खरं आहे. लाँगइयरब्येनजवळ डोंगरात २६ फेब्रुवारी २००८ ला जगाची बियाणांची तिजोरी उघडली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने आपल्या कोरडवाहू पिकांच्या वाणांचे नमुने तिथे ठेवलेत. २०१६ मध्ये तिथली कायम गोठलेली म्हणवणारी जमीन वितळून प्रवेशाच्या बोगद्यात पाणी शिरलं होतं. बियाणं सुरक्षित राहिलं, पण नंतर सगळा बोगदा नव्याने बांधावा लागला. हजार वर्षांचा हिशोब करणाऱ्यांनाही दहा वर्षांत दुरुस्ती काढावी लागली, म्हणजे बघा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे सगळे कामासाठी गेले. ज्वारीसुद्धा."

*

शनिवारी रूमीला घेऊन सिंहगड चढलो. आतकरवाडीतून, पाठीवर दहा किलो वजन घेऊन. ट्रेनिंग हे माझं कारण. त्याला घराबाहेर काढणं हे खरं कारण. टिळकांच्या बंगल्याजवळ बसून पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं. मग मी हळूच विषय काढला, की तुझ्या तिकिटाचे पैसे मी घालतो, तू दे सावकाश, दोन वर्षांनी दे.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नको लेका. मला तिकडे गेल्यावरही मोबाइलवर जॉब पोर्टलच दिसेल."

"मग मीही थांबतो. पुढच्या वर्षी बघू सगळे."

"तू थांबलास म्हणून मला नोकरी लागणार आहे का?" तो चिडलाच. "पुढच्या वर्षी जर्नलचं बाळ दीड-दोन वर्षांचं असेल, त्याच्या व्हिसाचं काय होईल माहीत नाही, आणि तुझी नोकरी असेल की नाही तेही माहीत नाही. एप्रिल २०२० ला पण आपण पुढच्या वर्षीच म्हणालो होतो."

त्यानंतर उतरेपर्यंत आम्ही क्रिकेटवर बोललो.

घरी येऊन मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे नोकरी गेली तर आठ महिने घर चालेल एवढी रक्कम वेगळ्या एफडीत टाकली आणि तिला हात लावायचा नाही असं बाबांसमोर कबूल केलं. उरलेल्यातून आर्क्टिक आणि डाउन पेमेंट. फ्लॅट त्यामुळे सात-आठ महिने लांबणार. सात-आठ महिने, हे आकड्यात लिहून बघितलं तेव्हा तेवढं भयंकर वाटलं नाही.

दुसरं म्हणजे आमचं जुनं रिपॉझिटरी उतरवून घेतलं आणि आर्क्टिकचा तो कोड चालवून बघितला. अक्षांश ७८.२२, तारीख ८ जानेवारी. आलं की राव! "आज सूर्य उगवणार नाही." इतक्या वर्षांत तो मेसेज बहुधा पहिल्यांदाच कुणी खरोखरच्या जागेसाठी पाहिला असेल. मग तारीख पुढे सरकवत गेलो. फेब्रुवारीच्या मध्यावर पहिला सूर्योदय येतो. त्यानंतर दिवस रोज भराभर वाढतो. पुण्यात डिसेंबर ते जून या सहा महिन्यांत मिळून दिवस सव्वादोन तासांनी वाढतो, तेवढा तिथे आठवडाभरात.

आणि ८ मार्चला कोड म्हणतो, दिवस जवळपास नऊ तासांचा.

पण गाव तसं म्हणत नाही. लाँगइयरब्येन दरीत आहे, दक्षिणेला डोंगर. सूर्य फेब्रुवारीतच क्षितिजावर आलेला असतो, पण दुपारीसुद्धा इतका खाली की डोंगराआडच राहतो. गावावर ऊन पडत नाही. चार महिन्यांनंतर पहिलं ऊन जिथे पडतं ती जागा ठरलेली आहे, जुन्या हॉस्पिटलच्या उरलेल्या पायऱ्या, आणि दिवस मानतात ८ मार्च. त्या दुपारी सगळा गाव, शाळेतली पोरंसोरं धरून, पायऱ्यांपाशी गोळा होतो आणि सूर्याला हाका मारतो. आठवडाभर उत्सव असतो. ढग आले तर ऊन दिसत नाही, तरी लोक येतात.

आमच्या सूत्रात डोंगर नव्हता. कुठल्याच पंचांगाच्या सूत्रात नसतो. "तिकडे बघायला आहे काय?" या आईच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे: डोंगर. कोडने तीन आठवडे आधीच उगवलेला सूर्य प्रत्यक्ष गावात कधी पोचतो, ते तिथे उभं राहून बघायचंय.

हे सगळं मी रात्री साडेअकराला आर्क्टिकला फोन करून सांगितलं. त्याच्याकडे दुपार होती, तो जेवत होता. त्याने सगळं ऐकलं आणि आधी विचारलं, "लाँगिट्यूड पण बरोबर घातलंयस ना?" मग जरा थांबून, "तिथून व्हिडिओ कॉल लागेल का रे?" लागेल म्हटलं. समुद्राखालून फायबर आहे तिथे, २००४ च्या सुमारापासून. डोंगरमाथ्यावर उपग्रहांची मोठी ग्राउंड स्टेशन आहेत, ध्रुवावरून फिरणारे उपग्रह प्रत्येक फेरीत तिथून दिसतात, त्यांचा डेटा खाली न्यायला टाकलं होतं. नेटवर्क हिंजवडी फेज थ्रीपेक्षा बरं असावं. त्याच्याकडे तेव्हा पहाटेचे तीन-चार वाजलेले असतील. "अलार्म लावतो," म्हणाला.

*

गेल्या रविवारी तिकिटं काढली. पैसे बऱ्यापैकी परत मिळतील अशी, तीन हजार जास्त देऊन. हा बाबांचा आग्रह. मॅनेजरने "मार्चमध्ये रजा?" असं विचारून पाच सेकंद माझ्याकडे पाहिलं आणि मंजूर केली. व्हिसाचा अर्ज पुढच्या महिन्यात. आईने भाजणी दळून आणली आहे, अजून खूप महिने आहेत हे सांगूनसुद्धा. रूमीचे दोन इंटरव्ह्यू चालू आहेत, एकाची तिसरी फेरी या गुरुवारी. जर्नलने बाळाची एक लोकरीची टोपी पाठवून दिलीय, ती पायऱ्यांवर ठेवून फोटो काढायचाय.

मी टोपी आणि मोजे यांच्या याद्या करत बसलो होतो तेव्हा बाबा बाजूला येऊन बसले. स्प्रेडशीट पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. सहलींच्या ओळीपाशी थांबून म्हणाले, "इन्शुरन्स जास्तीचा घे. इथे काटकसर करू नको." आणि उठता उठता, "आणि त्या पुनावळ्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून काय दिसणार होतं? समोरच्या टॉवरचे वाळत घातलेले कपडे."

असो. माझ्या पायाचा नंबर नऊ आहे. कुणाकडे चांगले लोकरीचे मोजे पडून असतील तर सांगा.